शेवटच्या युनिटचा भाव

विजेचं बिल आलं की आई आधी चष्मा शोधते आणि मग त्या गच्च भरलेल्या कागदावरचा एकच आकडा वाचते, देय रक्कम. "मागच्या महिन्यात किती होतं?" हा पुढचा प्रश्न. जास्त असेल तर दोन-चार दिवस रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा दिसला की ओरडा बसतो. कमी असेल तर कागद मुकाट्याने कपाटाच्या खणात जातो. मी अर्थशास्त्र शिकलेलो. एकदा तिला स्लॅब समजावून द्यायला बसलो. शंभर युनिटांपर्यंत एक दर, पुढच्या दोनशेला दुसरा, त्याच्या वर तिसरा. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सरासरी बारा रुपये पडतं ना युनिट? मग तेवढं कळलं की झालं."

तेव्हा मला वाटलं, मुद्दा हिच्या डोक्यावरून गेला. कॅलिफोर्नियातली घरंही आईसारखाच हिशेब करतात, आणि ते दाखवून देणाऱ्या एका जपानी अर्थतज्ज्ञाच्या निबंधाने विजेच्या दरांकडे पाहण्याची रीतच बदलली, हे कळायला आणखी काही वर्षं जावी लागली.

आधी आपलंच दरपत्रक पाहू. महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर घ्या. पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे आणि त्यावर १६ रुपये ६४ पैसे. शिवाय प्रत्येक युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, सिंगल फेजला महिना १२८ रुपये स्थिर आकार आणि या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार बदलता असतो, तो तूर्त बाजूला ठेवू. मे महिन्यात एसी थोडा जास्त चालला आणि ३२० युनिटं झाली, तर बिल येतं साधारण ३,८५४ रुपये. भागाकार केला की युनिटला बारा. आईचा हिशेब चोख आहे. पण तीनशेच्या वरच्या त्या वीस युनिटांचा खरा भाव आहे युनिटला १८ रुपये २४ पैसे. ती वीस युनिटं टाळली तर आईच्या हिशेबाने २४० रुपये वाचायला हवेत. प्रत्यक्षात वाचतात ३६५.

आता दुसरं टोक. एक खोली, एक फ्रिज, दोन पंखे, महिन्याला ९० युनिटं. बिल ७६२ रुपये, म्हणजे युनिटला साडेआठ रुपयांच्या आसपास. पण त्यातला स्थिर आकार तुम्ही अंधारात बसलात तरी सुटत नाही. त्या घराने एक युनिट वाचवलं तर हातात येतात ६ रुपये ८२ पैसे. म्हणजे बिलाचा एकच आकडा वाचणाऱ्या दोन्ही घरांची फसगत होते, आणि तीही उलट्या दिशांनी. ज्याने काटकसर करावी असं धोरण म्हणतं, त्याला वीज आहे त्यापेक्षा स्वस्त वाटते. ज्याच्याकडे काटकसरीला जागाच नाही, तो साडेआठ रुपये वाचतील या आशेने उन्हाळ्यात पंखा बंद करतो. हा काही कुणाचा कट नव्हे. दर ठरवणारे पायऱ्या मांडतात आणि बिल भरणारा त्या पायऱ्यांचा उतार करून टाकतो, एवढंच.

त्या जपानी अर्थतज्ज्ञाचं नाव कोइचिरो इतो. बर्कलीला पीएच.डी. केलेले आणि शिकागो विद्यापीठात शिकवणारे इतो यांचा सगळा अभ्यास वीज, गाड्या, हवा अशा गोष्टींत सामान्य ग्राहक कसा वागतो याभोवती फिरतो. २०१४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाचा प्रश्न एका ओळीत मावतो. माणूस पुढच्या युनिटचा दर पाहून वीज वापरतो, की बिलाला युनिटांनी भागून? पाठ्यपुस्तकं पहिलं उत्तर देतात आणि त्या दराला सीमांत किंमत म्हणतात. पण प्रश्न विचारणं सोपं, त्याचा निवाडा करणं अवघड. वेगवेगळे दर असलेली गावं हवीत, पण गावात फरक फक्त दराचा हवा. हवामान, पगार, घरं सगळं सारखं असायला हवं.

इतो यांना ते गाव सापडलं कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत. तिथे दोन वीज कंपन्यांची हद्द अशी जाते की एकाच शहरातल्या काही घरांना एक कंपनी वीज देते आणि पलीकडच्या घरांना दुसरी. ऊन तेच, शाळा त्याच, बंगले एकाच धाटणीचे. दर मात्र वेगळे. २००० सालच्या उन्हाळ्यात सॅन डिएगोच्या कंपनीचे दर भडकून दुप्पट झाले, शेजारच्या कंपनीचे झाले नाहीत. पुढे २००१ नंतर पाच पायऱ्यांचे स्लॅब आले आणि दोन्हीकडे पायऱ्यांची उंची वेगवेगळी राहिली. इतो यांनी १९९९ ते २००७ या काळातली घराघराची मासिक बिलं मांडून काय दिसतं ते पाहिलं.

लोक खरंच पायऱ्या मोजत असते तर प्रत्येक पायरीच्या अलीकडे गर्दी दिसली असती. पुढचं युनिट महाग आहे हे कळलं की काही घरं तिथेच थांबतात, हा साधा तर्क. गर्दी नव्हतीच. घरांचा वापर पायरीवरून असा सरकत गेला होता की जणू पायरी नाहीच. सीमेच्या दोन्ही बाजूंची तुलना केली तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं, वापर हलत होता तो सरासरी दरानुसार. याचा पुढचा परिणाम मात्र कुणाला आवडण्यासारखा नाही. वीज वाचावी म्हणून आणलेल्या पाच पायऱ्यांनी, सगळ्यांना एकच सपाट दर लावला असता त्यापेक्षा एकूण वापर कमी झाला नाहीच, उलट किंचित वाढल्याचं गणित निघालं. वरच्यांना चटका पुरेसा बसत नाही आणि खालच्यांना वीज स्वस्त पडते, म्हणून.

मुंबईतही अशी हद्द आहे. पूर्व उपनगरांत विक्रोळीपर्यंत खासगी कंपन्यांचा कारभार आणि पुढे भांडुप-मुलुंडला महावितरण. लोकल तीच, घाम तोच, दरपत्रक वेगळं. कुणा विद्यार्थ्याला पीएच.डी.साठी विषय हवा असेल तर मध्य रेल्वेच्या दोन स्टेशनांच्या मध्ये तो पडलेला आहे.

एवढ्यावरून 'लोकांना हिशेब येत नाही' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. बरेच अधिकारी तो काढतातही, आणि मग जनजागृतीचा रथ निघतो. इतो यांचंच दुसरं एक काम हा निष्कर्ष मोडीत काढतं. जेम्स सॅली यांच्याबरोबर त्यांनी जपानमधल्या गाड्यांचं वजन तपासलं. जपानच्या इंधन-नियमांत गाडी जितकी जड तितकं मायलेजचं बंधन सैल, आणि तेही वजनाच्या ठरावीक टप्प्यांवर पायरी-पायरीने सैल होणारं. इथे मात्र पायरीवर गर्दीच गर्दी. टप्पा ओलांडल्याबरोबर लगेच गाड्यांचा घोळका दिसतो. सुमारे १० टक्के गाड्यांचं वजन सरासरी ११० किलोंनी वाढवलं गेल्याचा त्यांचा अंदाज आहे. इंधन वाचावं म्हणून केलेल्या नियमाने गाड्या जड केल्या!

कंपनीच्या अभियंत्याला जे दिसतं ते आईला का दिसत नाही? अभियंत्याला हिशेब एकदाच करायचा असतो, कागदावर, सगळे आकडे समोर ठेवून. आईला तो रोज, अंदाजाने, आकडे समोर नसताना करायचा असतो. महिन्याच्या सतरा तारखेला आपण २१० वर आहोत की २६०, हे आमच्या घरात कुणालाही सांगता येणार नाही. मीटर जिन्याखाली, लाकडी पेटीत. त्याच्यावरचा आकडा वाचायला टॉर्च लागतो.

एकदाच करायचा हिशेब आपली माणसंही उत्तम करतात, याचा पुरावा गल्लोगल्ली आहे. एकाच घरात दोन मीटर. थोरल्याच्या नावावर एक, धाकट्याच्या नावावर एक, स्वयंपाकघर मात्र एकच. अडीचशे युनिटांचे दोन सव्वाशे केले की वरच्या दराची युनिटं निम्म्याहून खूप खाली येतात. नियमात ते बसतं की नाही हा वेगळा वाद, पण गणितात चूक नाही. म्हणजे स्लॅब लोकांना कळतो, फक्त त्याला मिळणारं उत्तर बटण बंद करण्याचं नसून अर्ज भरण्याचं असतं. जी दरपद्धती वीज वाचवण्यासाठी म्हणून सांगितली जाते, तिने आपल्याकडे वाचवलेल्या विजेपेक्षा मीटरंच जास्त वाढवली असावीत अशी मला शंका आहे.

आणि जिथे दर लोकांच्या तोंडी आहे ती जागा म्हणजे भाड्याची खोली. पुण्यात शिकायला आलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, "लाइटबिल कसं?" उत्तर तयार असतं, "युनिटला बारा रुपये, सब-मीटर आहे." स्लॅब नाही, आकार नाही, शुल्क नाही. ती खोलीतली पोरं गीझर किती मिनिटं चालू होता यावरून भांडतात. घरमालकाने कसलाही निबंध न वाचता आईचीच पद्धत अंगीकारलेली असते. त्या बारा रुपयांत तो स्वतःचे किती राखतो, ते सध्या विचारायला नको.

हे सगळं आता उगाळायचं कारण वेगळं आहे. स्लॅबच्या पायऱ्यांवर आता घड्याळ बसतंय. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल केला. सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज १० ते २० टक्के स्वस्त आणि जास्त मागणीच्या तासांत तितकीच महाग असावी आणि शेती सोडून बाकी ग्राहकांना हे उशिरात उशिरा १ एप्रिल २०२५ पासून लागू व्हावं, असं त्यात म्हटलं होतं. अट एकच, कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारं स्मार्ट मीटर हवं. महाराष्ट्रात स्मार्ट मीटर या शब्दालाच एव्हाना इतिहास आहे. प्रीपेडच्या धास्तीने इतका विरोध झाला की सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना जून २०२४ मध्ये जाहीर करावं लागलं. पुढे टीओडी, म्हणजे 'टाइम ऑफ डे', मीटर या नावाने पोस्टपेड मीटरं आली आणि १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली.

तत्त्व मला मान्य आहे, हे आधी सांगून टाकतो. दुपारी सौर वीज मुबलक असते आणि दिवेलागणीला सगळा महाराष्ट्र एकदम बटणं दाबतो. दुपारच्या आणि संध्याकाळच्या युनिटचा उत्पादनखर्च वेगळा असेल तर भावही वेगळा असावा. कारखान्यांना वेळेनुसार दर कितीतरी वर्षांपासून लागतात. "घर म्हणजे काय कारखाना आहे का?" हा प्रश्न सभेत टाळ्या मिळवतो, पण भाजीवालासुद्धा रात्री साडेनऊला भाव उतरवतो आणि त्यावर कुणी मोर्चा काढत नाही.

माझं भांडण वेगळ्याच जागी आहे. भाजीवाला भाव ओरडून सांगतो. वीज सांगत नाही.

एक रुपया सवलतीचं आमच्या घरापुरतं गणित करू. वॉशिंग मशीन गार पाण्यात एका खेपेला अर्धं युनिट घेतं. महिन्याच्या पंधरा खेपा दुपारी केल्या तर सात-आठ रुपये. इस्त्री दुपारी, चार-पाच रुपये. गीझर सर्वांत मोठा गिऱ्हाईक, पण आंघोळ नऊनंतर करून ऑफिसला कसं पोचायचं? एसी रात्री लागतो. म्हणजे घराची सगळी घडी मोडून वाचणार बारा-तेरा रुपये. उलट फ्रिज दिवसरात्र चालतोच, त्याच्या दिवसभराच्या वापरावर काही न करता सवलत पडते. ३,८५४ रुपयांच्या बिलात हे कुणाला दिसणार? जी गोष्ट दिसत नाही तिने कुणी बदलत नाही. स्लॅबने हे एकदा शिकवलंय.

क्योटोजवळ केइहान्ना नावाच्या भागात २०१२ साली इतो, ताकानोरी इदा आणि माकोतो तानाका यांनी केलेला प्रयोग म्हणूनच आपल्या वीज नियामक आयोगातल्या प्रत्येकाने वाचावा. फुकुशिमा नुकतंच घडून गेलेलं, अणुभट्ट्या बंद, देशात विजेची ओढाताण. 'देशासाठी वीज वाचवा' या आवाहनाला याहून सुपीक जमीन कुठे मिळणार? सुमारे सातशे घरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट केले. एका गटाला टंचाईच्या तासांआधी फक्त विनंतीचा निरोप. दुसऱ्याला त्या तासांपुरता दर नेहमीच्या अडीच ते चार पट. तिसऱ्याला काहीच नाही.

विनंतीने पहिल्या काही वेळा ८ टक्के वापर घटला. मग तोच निरोप पुन्हा, पुन्हा आला आणि परिणाम विरत विरत नाहीसा झाला. लिफ्टशेजारच्या 'वीज वाचवा' स्टिकरकडे आपण शेवटचं कधी पाहिलं होतं, ते आठवा. दराच्या गटात मात्र १४ ते १७ टक्के घट झाली, ती टिकली, आणि प्रयोग संपल्यावरही काही अंशी उरली. सवय लागली होती. जपान्यांच्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांसाठी ही बातमी जरा गैरसोयीची आहे.

पण या यशात एक गोष्ट सहज नजरेआड होते. त्या घरांना आदल्या दिवशी आणि त्या दिवशी निरोप जायचा, उद्या अमुक तासांत दर इतका. दर कळत होता आणि तो इतका मोठा होता की डोळेझाक करणं शक्य नव्हतं. या दोन गोष्टींतली कळण्याची गोष्ट वेगळी काढून पाहिली ती अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये, कॅटरिना जेसो आणि डेव्हिड रॅप्सन या दोघांनी. तिथे काही घरांना फक्त महाग तासांची सूचना दिली, आणि काहींना त्याच्या जोडीला घरात ठेवायचा एक छोटा पडदा दिला. या क्षणी किती वीज जातेय आणि तिचा भाव काय, हे त्यावर दिसायचं. नुसत्या दराने वापर घटला तो शून्य ते ७ टक्के. पडदा होता तिथे ८ ते २२ टक्के. दर दोन्हीकडे तोच.

दिल्लीजवळ अनंत सुदर्शन यांनी केलेल्या प्रयोगाचा धडा थोडा तिरका आहे. तिथे शेजाऱ्यांच्या तुलनेत तुमचा वापर किती, हे दर आठवड्याला कळवल्यावर उन्हाळ्यातला वापर ७ टक्क्यांच्या आसपास घटला, पण त्यालाच पैशांचं बक्षीस जोडल्यावर परिणाम वाढायचा सोडून मावळला. अमेरिकेत हंट ऑलकॉट यांनी तपासलेल्या सहा लाख घरांत अशाच तुलनेच्या पत्रांनी सरासरी २ टक्के वीज वाचली होती. शेजाऱ्याशी तुलना हा आपला राष्ट्रीय छंद असल्याने आपला आकडा मोठा आला याचं मला आश्चर्य वाटत नाही. पण यातून एवढं नक्की कळतं की क्योटोचं उत्तर उचलून कल्याणला चिकटवता येणार नाही. इथे करून पाहावं लागेल.

आणि करून पाहायची संधी हातातून चालली आहे. मीटरं टप्प्याटप्प्याने लागताहेत. म्हणजे काही वाड्यांत आधी, काही वाड्यांत नंतर. जिथे लागली तिथल्या काही घरांना नुसती सवलत, काहींना सवलत आणि रोज संध्याकाळी एक संदेश, काहींना आणखी मोठा फरक, असं चिठ्ठ्या टाकून वाटून सहा महिने पाहायला लागतो तो थोडासा खर्च आणि 'आम्हाला अजून माहीत नाही' असं म्हणण्याची तयारी. पहिली गोष्ट सापडेल.

संदेश कसला हवा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. 'प्रिय ग्राहक' नको, पृथ्वी नको, झाडाचं चित्र नको. "आज २२ तारीख. २७१ युनिटं झाली. तीनशेनंतरचं प्रत्येक युनिट १८ रुपयांना." बस. स्मार्ट मीटरकडे ही माहिती असतेच, तिच्यासाठी नवा तार ओढायचा नाही. माझी एक आतेबहीण दिल्लीला असते. तिथे २०१९ पासून २०० युनिटांपर्यंत बिल शून्य आणि त्यापुढे ४०० पर्यंत अर्धं. महिनाअखेर ती रोज सकाळी मीटरपाशी उभी राहते, आणि १९० ला पोचली की घरात कर्फ्यू. दिल्लीची योजना शहाणपणाची आहे असं मला म्हणायचं नाही. पण तिथली रेघ इतकी ठळक आहे की तिच्यासाठी अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

स्लॅब काढून टाका असंही मी म्हणणार नाही. गरिबाला पहिली शंभर युनिटं स्वस्त मिळायलाच हवीत, आणि ते काम स्लॅब बऱ्यापैकी करतात. बऱ्यापैकीच, कारण दहा माणसांचं एकत्र कुटुंब एका मीटरवर असेल तर ते वरच्या दरात जातं आणि एकट्या माणसाचा तीन खोल्यांचा फ्लॅट खालच्या. पण ते मदतीचं काम आहे, बचतीचं नव्हे. एकाच पायरीला दोन ओझी बांधली की ती एकही धड वाहत नाही. मदत मदतीच्या नावाने बिलावर लिहावी, 'तुम्हाला इतके रुपये सूट मिळाली' अशी. भाव भावाच्या नावाने लिहावा. आणि पहिलं वर्षभर टीओडीचं बिल जुन्या पद्धतीच्या बिलापेक्षा जास्त आलं तर जुनंच घ्यावं. मीटरवर ज्याचा विश्वास नाही तो त्याच्या भावाला प्रतिसाद काय देणार? तो मीटर तपासणीचा अर्ज देतो.

आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत हा विषय निघाला तो वेगळ्याच वाटेने. पाण्याचा पंप वॉचमन सकाळी सहाला चालू करतो, तो दुपारी केला तर सामाईक मीटरचं बिल उतरेल का? टायमर बसवायचा, एकदाच, हजारभर रुपयांचा. सगळ्या चर्चेत हीच एक गोष्ट मला पटली, कारण यात कुणाला रोज काही लक्षात ठेवायचं नव्हतं. सेक्रेटरींनी गेल्या महिन्याचं बिल मागवलं. पाच जण त्यावर वाकले. पंपाची युनिटं किती, लिफ्टची किती, सकाळची किती, सवलत या मीटरला लागू आहे की नाही, यातलं काहीच त्या कागदावर सापडेना. खजिनदारांनी शेवटी तळाचा आकडा वाचला आणि विचारलं, "मागच्या महिन्यात किती होतं?"

दारात उभ्या असलेल्या वॉचमनचा प्रश्न जास्त नेमका होता. "साहेब, दुपारी एकला पंप लावला तर सकाळी सातला वरच्या मजल्यावर पाणी चढेल का, ते आधी बघा." टाकी किती लिटरची आहे, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. ते मोजायचं काम माझ्याकडे आलं आहे.